पाचव्या मिनिटाची पेस्ट

प्रश्न : ताई, तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. दीड वर्षात यूट्यूबवर ४१ व्हिडिओ टाकले. सबस्क्रायबर २१२, त्यातले निम्मे पाहुणेच. एकमेकांना सबस्क्राइब करणाऱ्या ग्रुपात जाऊ का?

उत्तर : नको दादा. असली अदलाबदल यूट्यूबच्या नियमात बसत नाही आणि ती माणसं तुमचा व्हिडिओ बघतही नाहीत. जाहिरातीच्या पैशासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात, शिवाय बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जावं लागतं. ते तास ग्रुपातून कसे येणार?

तुमचे तीन व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिले. ‘बागेतला दिवस, भाग १७’मध्ये फळछाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावणं इतकं नीट दाखवलंय, की मी ते पुन्हा पाहिलं. तुमच्या हातात हातमोजे होते तेही आवडलं. माझ्या माहेरी आबा उघड्या हातांनीच पेस्ट लावायचे, हात सोलून निघायचे. पण हे सगळं येतं पाचव्या मिनिटाला! आधी फिरणारा लोगो, संगीत, गावाची कमान. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे गळतात त्याचा आलेख असतो, तो बघाच.

पेस्ट पहिल्या दहा सेकंदांत दिसू द्या. नाव शेतकरी शोधतो तसं ठेवा : ‘फळछाटणीनंतर पेस्ट कधी, कशी लावावी’. आणि टाका सप्टेंबरात, फळछाटणीच्या तोंडावर. तुम्ही टाकलात डिसेंबरात, तेव्हा बागेत मणी धरलेले असतात. वाऱ्यात तुमचं बोलणं विरतंय, कॉलरचा माईक घ्या.

द्राक्षं उतरल्यावरची एप्रिलची खरड छाटणी जवळ आलीय. तिचा व्हिडिओ मार्चअखेर टाका आणि मला कळवा.