टाकीत टीसीएल टाकूनही ओटी पिवळी का येत नाही?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत हजार लिटरची काळी टाकी आहे. दर सोमवारी तिच्यात टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकतो. तरी आरोग्य सेविका ओटी घेतात (पाण्यात ओटी नावाचं औषध टाकून क्लोरीन आहे का पाहतात, असला तर पाणी पिवळं होतं) तेव्हा नळाचं पाणी पिवळं होत नाही.
– एक मुख्याध्यापक, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : सोमवारची मात्रा फक्त सोमवारच्या पाण्याला पुरते. मंगळवारी टाकी पुन्हा भरली की ते नवं पाणी बिनक्लोरीनचं. म्हणून टाकी जितक्यांदा भराल तितक्यांदा टीसीएल हवं : हजार लिटरला 5 ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर एकदा 5 ग्रॅम तोलून घ्या आणि तेवढंच मावेल असं बाटलीचं झाकण डब्यात ठेवून द्या. चिमटीचा अंदाज रोज बदलतो.

पावडर थेट टाकीत ओतू नका. प्लॅस्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवा, नंतर तो मग पाण्याने भरून दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ टाकीत ओता, तळाचा पांढरा चुना फेकून द्या. तो टाकीत गेला तर तोट्या चोंदतात. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी मुलांना देऊ नका.

एवढं करूनही ओटी कोरी आली, तर पावडर पाहा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, खिडकीतलं ऊन पडलं की तो उडून जातो. गोळे झालेली, उग्र वास न येणारी पावडर फुकट. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, पत्र्याचा गंजतो. पावडर चांगली असेल तर दोष टाकीच्या तळातल्या गाळाचा : क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. टाकी घासून धुवा, झाकण बसवा.

तपासणी टाकीपाशी नको, सर्वांत लांबच्या नळाला घ्या. तिथे लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. ओटी टाकल्यावर रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचा. उशिरा चढलेला पिवळेपणा धरू नका. ओटी विषारी आहे, तपासलेलं पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

प्रश्न : शौचालय नवं आहे, पण उन्हाळ्यात पाणी टँकरचं. दुर्गंधीमुळे मुली जातच नाहीत.
– शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, जत तालुका, जि. सांगली

उत्तर : मुलींना दोष नाही. आधी भांडं पाहा. शहरी पद्धतीचं सपाट भांडं आणि 50 मिलिमीटर पाण्याचा ट्रॅप (भांड्याखालचा वाकडा भाग, त्यात साठलेलं पाणी वास अडवतं) असेल, तर एका वेळेला बादलीभर पाणी लागतं. टँकरच्या गावात ते कुठून आणायचं? जास्त उताराचं ग्रामीण भांडं आणि 20 मिलिमीटरचा ट्रॅप बसवला की दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. गवंड्याला हे माप लिहूनच द्या, नाहीतर तो दुकानात मिळेल ते आणतो. मग प्रत्येक शौचालयात झाकणाची बादली आणि मग ठेवा, ती पहिल्या तासाआधी भरलेली हवी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातली निदान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवरच खर्च करायची असते, ती इथे लावा.

वास मारायला ॲसिड ओतण्याची घाई नको. शोषखड्ड्यात मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. आणि ॲसिडवर टीसीएल कधीही टाकू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. पावडर आणि ॲसिड वेगळ्या कपाटांत, कुलपात ठेवा.

प्रश्न : हात धुण्याच्या जागेचा शोषखड्डा वर्षभरात तुंबला.
– एक शिक्षिका, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी फार हळू जिरतं. त्यात पोषण आहाराच्या ताटांचं तेलकट पाणी आलं की दगडांवर थर बसतो. ताटं धुण्याची जागा वेगळी करा, तिथे जाळी आणि तेल अडवणारी छोटी टाकी बांधा, जाळीतलं खरकटं रोज काढा. हात धुतलेलं पाणी चर काढून परसबागेतल्या केळीला सोडा. खड्डाच हवा असेल तर सगळे दगड काढून धुवा आणि मोठे खाली, लहान वर असे पुन्हा भरा.