भेडाघाटचे कडे: संगमरवर की डोलोमाइट?

प्रश्न: जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या नावाड्याने पांढऱ्या कड्यांना संगमरवर म्हटलं. भूगर्भशास्त्र शिकणारी पुतणी म्हणते, हा डोलोमाइट. बरोबर कोण? – एक वाचक, नागपूर

उत्तर: दोघंही! डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट. दीड अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रतळी साचलेले हे थर पुढे उष्णतेने आणि दाबाने नव्याने स्फटिकले, म्हणून संगमरवर. खनिज मात्र बरंचसं डोलोमाइट.

वर्गीकरण प्रमाणावर चालतं. कार्बोनेटात डोलोमाइट ९० टक्क्यांहून जास्त असेल तर शुद्ध डोलोमाइट खडक, १० टक्क्यांहून कमी असेल तर चुनखडी. मधले सगळे मिश्र. ही टक्केवारी माणसांनी आखलेली, निसर्ग काही ती पाळत नाही.

मी शिकवत असे तेव्हा शिबिरात पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली बरोबर असायचीच. (ती शर्टाच्या खिशात ठेवू नये, माझ्या विद्यार्थ्यांच्या खिशांना भोकं पडली आहेत.) थंड आम्लाच्या थेंबाने चुनखडी लगेच फसफसते. डोलोमाइट ढिम्म, चाकूने खरवडून भुकटी केली, की मग हळूहळू बुडबुडे येतात. प्रयोगशाळेत ॲलिझरिन रेड एस हा रंग लावतात: कॅल्साइट (चुनखडीतलं मुख्य खनिज) लाल होतो, डोलोमाइट रंग घेत नाही.

पुतणीला सांगा, भेडाघाटच्या कड्यांवर आम्ल टाकू नको. फरशीवाल्याकडचा टाकाऊ तुकडा पुरेल.