विसार घेतला की पाट रिकामा ठेवता येत नाही

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी बेळगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं ती मोबाईलवर मराठी चित्रकथा काढते. 'शक्ती' योजनेत बायकांना बसप्रवास मोफत झाल्यावर गावोगाव फिरायला लागलेली एक आजी तिची नायिका. अकरा हजार लोक तिला फॉलो करतात. आता तिला त्याचं पुस्तक छापायचंय आणि पैसे क्राउडफंडिंगनं, म्हणजे वाचकांकडून, उभे करायचेत. एम.कॉम. न करता हेच करीन म्हणते. आमच्या घरात आजवर कुणी लोकांपुढे हात पसरला नाही. वाटलं तर भिशीचे साठ हजार मी देतो, पण हे मागणं नको. काय करावं? – एक वडील

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला 'हात पसरणं' हा शब्द मनातून जाईना, म्हणून करिअरचं नंतर, आधी त्याबद्दलच लिहितो.

नागपंचमीच्या सुमाराला गणपतीचा पाट मूर्तिकाराकडे पोचवायला तुम्ही जात असाल. पाटामागे खडूनं घराचं नाव, वर पान-सुपारी, आणि सोबत थोडा विसार. मूर्ती तेव्हा मातीतच असते. त्या वेळी मूर्तिकार आपल्यापुढे हात पसरतोय असं तुम्हाला कधी वाटलं का? त्याला माती आणायची असते, रंग आणायचे असतात, यंदा किती घरांच्या मूर्ती करायच्या हे कळायला हवं असतं. तुमच्या विसारावर त्याचं ते सगळं ठरतं. तुमची मुलगी जे करू म्हणते ते हेच आहे. वाचक पैसे आधी देणार, पुस्तक नंतर घेणार. मराठी प्रकाशक पिढ्यान्‌पिढ्या 'प्रकाशनपूर्व सवलत' म्हणून हेच करत आलेत. ज्ञानकोशकार केतकरांनी गावोगाव फिरून भागधारक आणि वर्गणीदार मिळवले, तेव्हा कुठे ज्ञानकोशाचे २३ खंड उभे राहिले.

तुमच्या मनात हे मागणं का होऊन बसलं तेही समजतं. मिलाप, केटो ही नावं आपल्या घरात शिरली ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ऑपरेशनच्या आवाहनांमधून. तिथे देणारा परत काही मागत नाही, ती देणगी असते. मुलगी घेणार ते विक्रीचे पैसे. दोन्हींना एकच इंग्रजी नाव पडल्यामुळे हा घोळ होतो. तिसराही एक प्रकार आहे, लोकांकडून पैसे घेऊन त्यांना धंद्यात वाटा देण्याचा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं त्यावर २०१४ मध्ये चर्चेसाठी मसुदा काढला होता, पण त्या मार्गाला आपल्याकडे मोकळीक मिळालेली नाही. म्हणून 'पुस्तक चाललं तर नफ्यात वाटा देईन' असं एकाही वाचकाला तिला लिहू देऊ नका.

तेव्हा मागण्याची लाज मनातून काढून टाका. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. विसार घेतलेल्या मूर्तिकाराला चतुर्थी चुकवता येत नाही. ऋषिपंचमीला तयार झालेली मूर्ती कितीही देखणी असो, कोण घेईल?

मी तिशीत असताना चार मित्रांबरोबर एक दिवाळी अंक काढला. नोंदणीचे पैसे घेतले. काही कागदात गेले, काही जाहिरातदारांच्या उधारीत अडकले, आणि छापखान्यानं तोंडी दिलेली तारीख आम्ही लिहून घेतली नव्हती. अंक हातात आला तो तुळशीच्या लग्नानंतर. एक निवृत्त गुरुजी अंक न्यायला सायकलवरून तीनदा आले. तिसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत. खिशातून घडी घातलेली पावती काढली, माझ्यासमोर उलगडून धरली आणि उभे राहिले. ती पावती मला अजून दिसते. तुमच्या मुलीवर ती वेळ येऊ नये एवढ्यासाठी हे लांबलचक उत्तर.

या वाटेवरचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. रिच बर्ल्यू हा चित्रकार २००३ पासून 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' ही काड्यांच्या माणसांची चित्रकथा इंटरनेटवर फुकट वाचायला देत होता. तिची संपलेली पुस्तकं पुन्हा छापायला २०१२ मध्ये त्यानं किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या वेबसाइटवर ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ वाचकांनी मिळून १२ लाख ५४ हजार डॉलर दिले. जे फुकट वाचता येत होतं त्याचंच पुस्तक विकत घ्यायला इतके लोक पुढे आले, हे बघून तेव्हा सगळे थक्क झाले. यापुढचा भाग कमी सांगितला जातो. आकडा वाढत गेला तसा तो जास्तीच्या कथा, जास्तीच्या भेटी कबूल करत गेला. त्याच वर्षी त्याच्या हाताला मोठी जखम झाली आणि चित्र काढणंच थांबलं. कबूल केलेलं सगळं पुरं व्हायला वर्षं लागली. वाचक चांगले होते, थांबले. तुमच्या मुलीनं मात्र पुस्तक आणि फार तर सहीचं एक पोस्टकार्ड, यापलीकडे काहीही कबूल करू नये. टी-शर्ट नको, कॉफीचा मग नको, 'तुमचं चित्र काढून देईन' तर मुळीच नको. एकेक चित्र म्हणजे एकेक दिवस.

किकस्टार्टरवर भारतात राहून प्रकल्प लावता येत नाही. परदेशातल्या कुणा नातलगाच्या नावावर लावू असं ती म्हणेल. नको. पैसे त्याच्या खात्यात, कर त्याच्या डोक्यावर आणि शब्द मात्र हिचा, असं होऊन बसतं. पण किकस्टार्टरची एक अट उचलण्यासारखी आहे : ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घ्यायचे, नाहीतर कुणाचाच रुपया घ्यायचा नाही. ही अट आपल्या नोंदणीलाही लावता येते.

आता हिशेब. बी.कॉम.च्या मुलीला तो माझ्यापेक्षा चांगला येईल, तिच्याकडूनच करून घ्या. मी नुसते धरून चालायचे आकडे देतो, छापखान्याचं लेखी कोटेशन आलं की बदला. ६४ पानं, आत काळं-पांढरं, वर रंगीत मुखपृष्ठ, ३०० प्रती. प्रतीला ९५ रुपये धरले तर छपाई २८,५००. नोंदणीची किंमत टपालासकट २५०. त्यातले २५ रुपये वेबसाइटचं कमिशन आणि पैसे वळते करण्याचा खर्च, ६० रुपये टपाल आणि पॅकिंग. हातात उरतात १६५. २८,५०० भागिले १६५ म्हणजे १७३. तिला १७३ माणसं हवीत, ज्यांनी खरोखर पैसे भरलेत. अकरा हजार हा आकडा आता विसरायचा. २०० जणांनी नोंदणी केली तर सगळा खर्च जाऊन ४,५०० रुपये आणि १०० प्रती शिल्लक राहतात. १२० वरच थांबली तर ८,७०० रुपयांचा खड्डा. म्हणून जाहीर करायची रक्कम २०० प्रतींची ठेवा, ५० हजार. वरच्या २७ प्रतींचे पैसे फाटलेली पाकिटं, परत आलेली पार्सलं यांसाठी हाताशी राहतात.

आणि म्हणूनच भिशीचे साठ हजार देऊ नका. तुम्ही पैसे घातले तर पुस्तक छापून होईल, पण १७३ माणसं आहेत की नाहीत हे तिला कधीच कळणार नाही. तीनशे पुस्तकं खाटेखाली जातील आणि प्रत्येक वेळी झाडू मारताना तिला दिसतील. द्यायचेच असतील तर नमुन्यांपुरते दोन-तीन हजार द्या.

त्यांतले पहिले दोनशे रुपये असे खर्च करा. ए-फोरचा एक कागद, एकाच बाजूला छापायचा, मधोमध एक चीर देऊन घडी घातली की आठ पानांची पुस्तिका होते. पिन लागत नाही, डिंक लागत नाही. आजीचा एक छोटा भाग त्यात बसवा आणि शंभरेक झेरॉक्स काढा. हिवाळ्यात आपल्याकडे गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा. संमेलनाच्या मांडवाबाहेर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी जागा मागून मुलीनं दिवसभर उभं राहावं, दहा रुपयांना एक. कोण उचलतं, कोण चाळून ठेवतं, कुठल्या चौकटीवर माणूस हसतो, हे मोबाईलवर कळत नाही. प्रत घेणाऱ्याला विचारायचं, पुस्तक काढलं तर नाव लिहू का? वहीत नाव, गाव, फोन. तिच्या १७३ची सुरुवात या वहीत होईल.

तुम्ही पाठवलेल्या कात्रणातली ती चौकट मला फार आवडली, आजी शून्य रुपयांची तिकिटं फेकत नाही, एकेक सरळ करून बटव्यात ठेवते. कंडक्टर कानडीत बोलतो, आजी मराठीत उत्तर देते, आणि दोघांचं काहीही अडत नाही. हे पुण्याच्या चित्रकाराला सुचणार नाही. म्हणून एक सुचवतो : मजकूर चित्रात मिसळून टाकू नये, फाइलीत वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रापासून सुट्या थरावर, ठेवावा. उद्या कुणी कन्नड आवृत्ती काढू म्हणालं तर चित्रं तशीच राहतील, नुसते संवादांचे फुगे बदलतील. आपल्या भागातल्या लेखकाला ही एक जास्तीची बाजारपेठ दाराशी आहे.

फाइलींचं तिला आजच विचारा, कारण इथे बरेच जण अडकतात. मोबाईलसाठीची चित्रकथा साधारण ८०० पिक्सेल रुंद काढतात. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे ते चित्र कागदावर जेमतेम पावणेसात सेंटिमीटर भरतं, आणि ए-फाइव्ह पान १४.८ सेंटिमीटर रुंद. ताणलं तर रेघा धूसर होतात. मूळ मोठ्या फाइली ठेवल्या असतील तर ठीक, नसतील तर चित्रं पुन्हा काढावी लागतील, आणि मग नोंदणीची तारीख सहा महिने पुढे. शिवाय मोबाईलवर गोष्ट वरून खाली सरकते, पुस्तकात पान उलटावं लागतं. प्रत्येक भागाच्या चौकटी नव्यानं मांडाव्या लागतील, हसू येणारी चौकट पान उलटल्यावर यावी म्हणून. हे काम महिन्या-दोन महिन्यांचं आहे, आणि ते नोंदणी उघडण्याआधी संपलेलं हवं. माझा यावर हट्ट आहे : शेवटच्या पानासकट छपाईची पीडीएफ तयार झाल्याशिवाय एकाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत. जोडाक्षरं छापखान्याच्या संगणकावर फुटतात, तेव्हा अक्षरं आउटलाइन करून (फॉन्टऐवजी नुसते आकार करून) द्यायची आणि छापलेली एक नमुना प्रत हातात घेऊन 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍या' डोळ्यांखालून घालायचे.

पानं सोळाच्या पटीत ठेवा, ६४ म्हणजे बरोबर चार फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी सोळा पानं म्हणजे एक फर्मा). बेळगाव, कोल्हापूर, शिवकाशी, तीन ठिकाणचं कोटेशन घ्या, जीएसटी आणि वाहतूक धरून, तारीख लिहून. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. १९५४च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते, त्या चार प्रती हिशेबात धरा. टपालाचं म्हणाल तर रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, त्यावर कर. तिचं पुस्तक सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरेल. पण ज्ञान पोस्ट शैक्षणिक आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, चित्रकथा त्यात घेतील का हे नमुना प्रत दाखवून पोस्टमास्तरांना आधीच विचारा. ६० रुपये मी म्हणूनच धरलेत.

पैशांसाठी तिच्या नावानं वेगळं बचत खातं उघडा. घरखर्चाचा, फीचा, मोबाईल रिचार्जचा एकही रुपया त्यातून जाता कामा नये. वाचकांचे पैसे पुस्तक पोचेपर्यंत वाचकांचेच असतात.

राहता राहिलं एम.कॉम. पदवी तिनं पूर्ण करायचीच, यावर चर्चा नको. त्यानंतरचं एक वर्ष तिला द्या असं मी म्हणेन. एम.कॉम. वर्षभरानं कुठे जात नाही. पण त्या वर्षात सकाळी अर्धा दिवस तिनं एखाद्या सीएच्या ऑफिसात किंवा दुकानाच्या हिशेबाला बसावं, चार पैसे स्वतःचे मिळवावेत. वरच्या हिशेबात तुम्ही पाहिलंत, दोन वर्षांच्या चित्रांचे ४,५०० रुपये आणि १०० प्रती. एका पुस्तकावर पोट भरत नाही हे तिलाही त्या आकड्यांतून दिसेल, तुम्ही बोलायची गरज नाही. पुस्तकाचा उपयोग दुसरीकडे होतो. मुलांच्या पुस्तकांचे प्रकाशक, जाहिरात संस्था, अ‍ॅनिमेशनचे स्टुडिओ चित्रकाराला काम देताना 'सुरू केलेलं पुरं केलंय का' हे बघतात, आणि छापलेलं, वेळेवर पोचवलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. पुढे शिकावंसं वाटलं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या एम.डेस. या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी डीएटी ही प्रवेश परीक्षा आहे. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पात्रता बघून घ्या, तिथेही या कामाचा पोर्टफोलिओ उपयोगी पडेल.

बी.कॉम.ची परीक्षा झाली की दोघंही या. येताना मूळ फाइलींचा पेन ड्राइव्ह, तीन कोटेशनं आणि ती नावांची वही आणा. वहीत तोवर चाळीस नावं झाली असतील तर नोंदणीची तारीख आपण त्याच दिवशी ठरवू. आठ पानांच्या पुस्तिकेची एक प्रत माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगा, दहा रुपये घेऊनच.