शाल-श्रीफळाच्या आधी मंडळाची जुनी वही काढा

तुम्ही विचारलंय की गावच्या तरुण मंडळाच्या कार्यकारिणीवर पंचवीस-तीस वर्षं एक पैसा न घेता राबलेली माणसं आता थकली आहेत, त्यांचा सत्कार करायचा आहे, पण शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला आणि झालं, असं नको. मग काय करावं? मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कबड्डी मंडळाचा चिटणीस आहे. असे बरेच सत्कार जवळून पाहिलेत, काही स्वतः घडवून आणलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम म्हणजे कपाटातून मंडळाचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या नोंदींची वही, आणि जुन्या जमाखर्चाच्या वह्या बाहेर काढा. हॉल, हार, पाहुणे हे सगळं नंतर.

खेळाडूचं काम सगळ्या गावाला दिसतं. चढाईत दोन गडी मारून आला की टाळ्या पडतात. कार्यकारिणीचं काम कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात तीनदा खेपा घालणं, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, विजेचं तात्पुरतं कनेक्शन, पाहुण्या संघांना झोपायला शाळेच्या खोल्या मिळाव्यात म्हणून हेडमास्तरांना गाठणं, स्पर्धा उरकल्यावर त्या खोल्या झाडून किल्ली परत नेऊन देणं, मार्चअखेर पावत्यांचं पुडकं घेऊन तालुक्याला ऑडिटरकडे जाणं. यातलं सगळं वेळेवर झालं तर कोणाला पत्ताही लागत नाही, आणि एखादं राहिलं तर पहिली शिवी याच माणसाला. एवढी वर्षं जे कोणी पाहिलं नाही ते गावासमोर नाव घेऊन, तपशिलासकट सांगणं, हाच माझ्या मते खरा सत्कार. आणि ते सांगायला पुरावा लागतो. तो त्या वहीत आहे.

आमच्या खजिनदार काकांच्या वेळी आम्ही मानपत्र वाचलंच नाही, वही वाचली. कबड्डी मातीवर खेळायचे, मॅट येण्याआधीच्या काळातली. तेव्हा मैदान करणं म्हणजे आठ दिवसांचं काम असायचं. लाल माती आणायची, चाळून खडे वेचायचे, पाणी मारायचं, चोपायची, रोलर फिरवायचा, सुकत आली की पुन्हा पाणी. स्पर्धेच्या दिवशी चुन्याच्या फक्कीने रेषा मारायच्या. त्या पानावर काकांच्या बारीक अक्षरात ओळी होत्या: माती दोन बैलगाड्या, फक्की, सुतळी, पेट्रोमॅक्सचं भाडं, रॉकेल, पंचांचा चहा. शेवटी तूट, आणि तुटीपुढे एकच शब्द, ‘स्वतः’. वाचणारा मुलगा तिथे थांबला. विशीतला पोरगा, त्याला कळेना. म्हणून पुढे बसलेल्या एका जुन्या खेळाडूने उठून सांगितलं की तूट काका खिशातून भरायचे आणि घरी काकूंनाही सांगायचे नाहीत. सगळा मांडव गप्प झाला. काका मात्र खुर्चीतून हात वर करून सांगत होते की पेट्रोमॅक्स सात नव्हत्या, आठ होत्या, एक शाळेतून फुकट आणली होती, म्हणून ती खर्चात धरलेली नाही. हिशोब चुकीचा वाचला जाऊ नये, एवढीच त्यांना काळजी! त्या रात्री ज्या पोरांनी हे ऐकलं, त्यांच्यातलाच एक आज आमचा खजिनदार आहे.

मानपत्र द्यायचंच असेल तर ते तुम्ही स्वतः लिहा. छापखानेवाल्याकडे तयार मजकूर असतो. ‘तन-मन-धनाने अहोरात्र झटले’, ‘समाजसेवेचा वसा घेतला’ वगैरे. नाव बदललं की तो कोणालाही चालतो, म्हणून तो कोणाचाच नसतो. त्याऐवजी चार खऱ्या गोष्टी लिहा. अमुक साली मैदानाच्या जागेचा वाद मिटवला. व्यायामशाळेच्या पत्र्यांसाठी वाडीवाडीतून वर्गणी काढली. जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, २०२० सालचं, तेव्हा उन्मळलेली झाडं रस्त्यावरून हटवायला पोरांना घेऊन कोयते-करवती घेऊन निघाले. त्यांच्या हातून जे झालं असेल तेच, वाढवून काही नको. घरात नातू ते वाचेल तेव्हा त्याला आजोबा कळले पाहिजेत. एक व्यवहारातली सूचना: आपल्याकडच्या दमट हवेत लॅमिनेशनखाली बुरशी धरते आणि मागच्या प्लायला दोन पावसाळ्यांत वाळवी लागते. चांगल्या कागदावर छापून घ्या, मागे प्लाय नसलेली फ्रेम करा, आणि मजकुराची एक प्रत प्रोसिडिंग बुकात चिकटवा. भिंतीवरची प्रत गेली तरी ती राहील.

आता सगळ्यात नाजूक भाग, नावं ठरवण्याचा. गावात वाड्या आहेत, भावक्या आहेत, जुनी भांडणं आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. समितीने बसून ‘योग्य’ माणसं निवडायची म्हटली की सत्कार बाजूला राहतो आणि नवी तेढ उभी राहते. म्हणून निवड करूच नका, नियम करा. समजा, कार्यकारिणीवर पंधरा वर्षं किंवा जास्त ज्यांचं नाव वहीत आहे, ते सगळे. मग तो कोणत्या वाडीचा, कोणत्या पक्षाचा, हे बघायचंच नाही. भांडून बाहेर पडलेलाही त्यात आलाच पाहिजे. मला विचाराल तर त्याचाच सत्कार जास्त गरजेचा आहे, कारण भांडणाच्या आधीची त्याची वीस वर्षं खोटी होत नाहीत. त्याला पत्रिका पोस्टाने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. अध्यक्षांनी स्वतः घरी जावं, पडवीत बसून चहा घ्यावा आणि मग विषय काढावा.

त्याच कारणासाठी हा कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात, पालखीच्या वेळी वगैरे ठेवू नका. शिमग्यात मान कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि त्यावरून गावंच्या गावं कोर्टात गेलेली आपण पाहतो. तिथला मान घराण्याचा असतो. मंडळाचा मान माणसाने राबून मिळवलेला असतो. दोन्ही एका मांडवात आणले की कोणाला तरी लागतं. शाळेचं पटांगण किंवा मंडळाचं मैदान, हीच जागा बरी.

जे गेले त्यांची नावं सुरुवातीलाच, सगळ्यांना उभं करून वाचा आणि त्यांच्या घरच्यांना पुढच्या रांगेत बसवा.

बायकांबद्दल मुद्दाम लिहितो. हल्ली ‘उभयतांचा सत्कार’ करतात, तिला साडी-चोळी देतात, ती डोक्यावर पदर घेऊन नवऱ्याशेजारी उभी राहते, आणि तिच्याबद्दल माइकवर एक अक्षर बोललं जात नाही. अहो, स्पर्धेला बाहेरून दहा-बारा संघ यायचे, ते जेवले कुठे? आमच्याकडे सरळ वाटण्या असायच्या, या घरात दोन संघ, त्या घरात एक. रात्री अकराला सामना संपवून आलेली धिप्पाड पोरं, भात आणि आमटीचं पातेलं बघता बघता रिकामं करणारी. त्यांच्यासाठी चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापणारी बाई मंडळाच्या कोणत्याही वहीत नाही. तिची नोंद आता करा. कोणत्या घरी कोणते संघ जेवायचे हे जुन्या खेळाडूंना अजून पाठ असतं. फोन करून विचारा, आणि शक्य असेल तर त्या बाहेरगावच्या संघातल्या एखाद्या खेळाडूलाच बोलवा. पाहुणा म्हणून आमदार आला नाही तरी चालेल; तिच्या हातचं जेवलेला माणूस आला पाहिजे.

मुंबईकरांची यादी वेगळी करावी लागेल. कोकणातल्या मंडळाची निम्मी कार्यकारिणी मुंबईतच असते. महिन्याच्या एखाद्या रविवारी चाळीतल्या गावकीच्या खोलीत मीटिंग, मग पावतीपुस्तक घेऊन लालबाग-परळपासून नालासोपारा-विरारपर्यंत घरोघर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कित्येकांच्या घरातली चूल विझायची वेळ आली, तरी आमच्या वर्गणीच्या वहीत त्या वर्षांची पानं कोरी नाहीत. रक्कम कमी झालेली दिसते, एवढंच. ज्यांनी ती गोळा केली ते आज ऐंशीच्या घरात आहेत, काहींना प्रवास झेपत नाही. त्यांच्यासाठी गावाहून चार जण मुंबईला जा आणि तिथेच सत्कार करा. मैदानाचे आताचे फोटो मोठे करून न्या.

वेळ कोणती? बहुतेक मंडळं वर्धापनदिनाला करतात. सकाळी सत्यनारायण, दुपारी हळदीकुंकू, संध्याकाळी गुणवंत विद्यार्थी, आणि रात्री नमन किंवा नाटक. सत्कार जातो शेवटच्या फटीत. पोरं ‘नाटक सुरू करा’ म्हणून ओरडत असतात, लाउडस्पीकर नियमाने दहाला बंद करायचा म्हणून निवेदक घाईत असतो, आणि तीस वर्षं राबलेला माणूस तीस सेकंदांत स्टेजवरून खाली उतरतो. हे कृपा करून करू नका. सत्कारासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा, दुसरा कार्यक्रमच नको. १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन असतो, हवाही छान असते, पण मुंबईकर गावी नसतात. १५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो, आमच्या मंडळाला तो जवळचा, पण तेव्हा अर्धा गाव लावणीच्या चिखलात असतो. मे महिना मला सगळ्यात सोयीचा वाटतो. आंब्याची गडबड ओसरू लागलेली असते, मुंबईकर आलेले असतात, पाऊस अजून लांब असतो.

पैशांचं पाकीट देऊ नका. ही माणसं ते तिथल्या तिथे मंडळाला परत करतात आणि वर स्वतःचे पाचशे घालतात. त्यापेक्षा स्पर्धेतलं एखादं कायमचं बक्षीस त्यांच्या नावाने सुरू करा. ‘शिस्तबद्ध संघ’ किंवा ‘उत्कृष्ट पकड’. चषक फक्त गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ द्यायचा असा काही कायदा नाही. जिवंत असताना स्वतःच्या हाताने त्यांना तो देऊ द्या.

आणि एक गोष्ट जी स्टेजवर दिसत नाही, पण मी तिला सत्काराचाच भाग मानतो. तुमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा, उतारा काढून बघा. पुष्कळ मंडळांत वीस वर्षांपूर्वीची नावं तशीच असतात. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल अर्ज, दाखल करायचा असतो, तो कोणी केलेलाच नसतो. म्हणजे आपण काकांना निवृत्त म्हणून हार घालतो आणि कागदावर जबाबदार तेच राहतात. हिशोब राहिले तर नोटीस त्यांच्या नावाने येते, बँकेत सही त्यांचीच लागते, आणि गुडघे धरून त्यांना तालुक्याला जावं लागतं. सभेची नोटीस, ठराव, राजीनामा, नव्या लोकांची संमतीपत्रं हे सगळं जमवून बदल अर्ज दाखल करा, बँकेतल्या सह्या बदलून घ्या. जुने बदल राहिले असतील तर ते क्रमाने घालावे लागतात, चांगला वकील बघा. सत्काराच्या आधी हे हाती घेतलंत आणि त्याची पोच त्यांच्या हातात दिलीत, तर त्यांना शालीपेक्षा ती जास्त आवडेल. आमच्या काकांनी तरी चष्मा लावून तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

विचारलंत की ते ‘नको रे, आम्ही काय केलंय एवढं’ म्हणणारच. त्यांच्या वयाचा, त्यांच्यासोबत खेळलेला एखादा मित्र मध्यस्थीला घ्या, किंवा लेकीला विश्वासात घ्या. सरप्राइज मात्र करू नका. या वयात माणसाला धड कपडे घालून, तयारीने यायचं असतं, चार शब्द बोलायचे असतात. त्यांना बोलायला वेळ द्या, मध्ये चिठ्ठी पाठवू नका.

तारीख लवकर पक्की करा. मे महिन्यात करणार असाल तर फेब्रुवारीतच ठरवून मुंबईच्या कमिटीला कळवा, कारण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मेमधल्या कोकण रेल्वेच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हाताऱ्या माणसांना खालचा बर्थ मिळायला हवा.