‘सिलिकॉन मारा’ असं आधी कोण म्हणालं?

प्रश्न नाशिकच्या एका वाचकाचा. घरी समुद्री मासे आणि कोरलांची टाकी. गेल्या मे महिन्यात त्यांनी मुंबईतल्या एका दुकानातून साडेचौदा हजारांचा परदेशी मिडिया रिअ‍ॅक्टर घेतला. म्हणजे अ‍ॅक्रिलिकची उभी नळी, आत फॉस्फेट शोषणारे दाणे आणि त्यांतून पाणी फिरवणारा पंप. ‘थेंब गळणार नाही,’ असं दुकानदाराने सांगितलं होतं. पंधरा दिवसांत झाकणाखालून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा वाचकांनी कडेने फटी बुजवायचं सिलिकॉन फिरवलं. ऑगस्टमध्ये घरची मंडळी गावाला गेलेली असताना झाकण उचललं गेलं. खारं पाणी फरशीवर आणि तिथून खालच्या फ्लॅटच्या छतात उतरलं. सम्पमधली, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतली, पातळी घटली म्हणून ऑटो टॉप-ऑफने, म्हणजे घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेने, इमानेइतबारे गोडं पाणी ओतलं, क्षारता घसरली, कोरलं मेली. आता दुकानदार म्हणतो, सिलिकॉन लावलंत तिथेच आमचा संबंध संपला. वाचक विचारतात, त्याच्यावर दावा लावू का, आणि न गळणारा रिअ‍ॅक्टर कोणता घेऊ?

गीझर, वॉशिंग मशीन, आरओ. वस्तू बदलते, पत्र तेच येतं. म्हणून ग्राहक कोणाला म्हणतात, तक्रार कशी लिहितात, हे सांगत बसत नाही. तक्रार नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल, मुंबईला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

तुमचं सगळं प्रकरण ग्राहक संरक्षण कायदा 2019च्या कलम 87(1)वर अडकलं आहे. हानी झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल, किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही. दुकानदार नेमकं हेच बोलतो आहे, आणि त्याला ते कोणीतरी वकिलाने पढवलेलं दिसतं. एरवी तुमची बाजू भक्कम होती. उत्पादक परदेशात, आपल्या कायद्याच्या कक्षेबाहेर असेल तर कलम 86 विक्रेत्यालाच पुढे उभं करतं. शिवाय फरशी, कोरलं हे नुकसान रिअ‍ॅक्टरबाहेरच्या मालमत्तेचं आहे, ‘हानी’च्या व्याख्येत ते बसवता येतं. ही सगळी भक्कम बाजू तुम्ही दीडशे रुपयांच्या ट्यूबने बुजवलीत.

पण तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, कंसात, एक वाक्य आहे. दुकानातल्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला होता: ‘साहेब, जरा सिलिकॉन मारा, बंद होईल.’ अहो, हे कंसात लिहायचं वाक्य आहे का? तोच तुमचा खटला आहे!

निरोप आधी आणि सिलिकॉन नंतर असेल, तर फेरफार विक्रेत्याच्या सांगण्यावरून झाला. वस्तूची तपासणी आणि देखभाल यांत वाजवी काळजी न घेणं हा विक्रेत्याचा दोष कलम 86मध्येच सांगितला आहे. त्यात अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही, हे टाक्यांच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असायला हवं. झाकण काढून ओ-रिंग, म्हणजे झाकणाखालची रबरी कडी, बघा, ती कचली किंवा सरकली असेल, पंप बंद करा, असं सांगायचं सोडून त्याने ट्यूब दाखवली. मी हाच युक्तिवाद करीन. आयोग तो मानेलच, अशी हमी देत नाही, कारण ‘विक्रेत्यानेच फेरफार करायला सांगितलं तर काय’ याचं उत्तर 87(1)मध्ये लिहिलेलं नाही. क्रम उलटा असेल, म्हणजे तुम्ही आधीच सिलिकॉन फासून मग विचारलं असेल, तर फरशी आणि कोरलांचा नाद सोडा. सदोष मालाची साधी तक्रार मांडून साडेचौदा हजार परत मागा. तेवढं मिळण्याची आशा धरायला हरकत नाही.

तुम्ही फोन बदललात असं लिहिता. जुना फोन विकला नसेल तर तो फॉरमॅट करू नका, कोणाला देऊही नका. निरोप पुराव्यात आणायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. नुसता स्क्रीनशॉट छापून आणलात तर समोरचा वकील खूश होईल.

रिअ‍ॅक्टर ‘तपासायला पाठवा’ असं दुकानदार म्हणतो आहे. पाठवू नका. झाकण आहे तसं, सिलिकॉनसकट, पिशवीत बांधून ठेवा. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोगच नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो, अहवाल 45 दिवसांत यावा अशी तरतूद आहे. चाचणी लागली तर निकाल पाच महिन्यांत, असंही कायद्यात छापलेलं आहे. माझ्या टेबलावरच्या फायली वाचतील तेव्हा त्यांना हसू येईल. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची, आणि दुकानदाराच्या ‘बघतो, कंपनीला कळवलंय’ने ती वाढत नाही.

खालच्या शेजाऱ्यांशी भांडू नका. रंगाऱ्याला पैसे दिलेत तर पावती घ्या. ती रक्कम दुकानदाराकडून निघेल की नाही, हे पुन्हा त्या निरोपावरच ठरेल.

न गळणारा रिअ‍ॅक्टर कोणता, हे वकिलाला विचारू नये. तरी सांगतो: सम्पच्या आत बसणारा घ्या, म्हणजे गळला तरी पाणी सम्पमध्येच पडेल. आणि ‘गळणार नाही’ हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. उत्पादकाच्या हमीहून वेगळी, स्वतःची हमी देणारा विक्रेता कलम 86मध्ये थेट सापडतो. तोंडी बोलणं सिद्ध करताना तुमचीच दमछाक होईल.

जुना फोन चार्ज करून निरोपाची तारीख बघा आणि हार्डवेअरच्या दुकानातलं ट्यूबचं बिल, नाहीतर यूपीआयची नोंद शोधा. त्या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय मी नोटिशीचा मसुदा हातात घेणार नाही.