वसंतात आलेले की निघालेले?

प्रश्न : हर्णै बंदरावर थंडीभर पांढऱ्या डोक्याचे कुरव (सीगल) दिसत होते. मार्चपासून त्यांच्यात गडद तपकिरी डोक्याचे पक्षी दिसू लागले. इंग्लंडमधल्या पक्षिनिरीक्षणाच्या पुस्तकांत वसंत हा पाहुणे येण्याचा काळ म्हटला आहे. हे कुरव नवे आलेले असावेत काय?
– एक वाचक, दापोली

उत्तर : बहुतेक पक्षी जुनेच आहेत, पोशाख तेवढा नवा आहे. हिवाळ्यात कानामागे जेमतेम एक काळसर ठिपका बाळगणाऱ्या कुरवांचे डोके विणीचा हंगाम जवळ येताच तपकिरी होते, आणि मग ते आपल्या प्रजननक्षेत्राकडे, म्हणजे काही लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडे तर काही त्याहून उत्तरेला, निघून जातात. इंग्लंडचा वसंत हा आगमनाचा, तर आपल्या कोकणातला निरोपाचा.

‘काळ्या डोक्याचा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुरवाचे डोकेही प्रत्यक्षात चॉकलेटीच असते, त्यामुळे नावावर विसंबू नये. प्रौढ पक्ष्याचा डोळा पाहावा : फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा कुरव, गडद असेल तर काळ्या डोक्याचा. खरोखर काळे डोके असते ते पल्लासच्या धिप्पाड कुरवाचे.

आपला समुद्र पश्चिमेला असल्याने सकाळी ऊन पाठीशी राहते आणि रंग स्पष्ट दिसतात; संध्याकाळी मात्र सगळेच पक्षी काळे भासतात. चिखल्या आणि तुतवार हे चिखलात चरणारे किनाऱ्यावरचे पक्षी पाहायचे असतील तर अंजर्ल्याच्या खाडीसारख्या ठिकाणी भरती चढत असताना जावे, कारण चिखल पाण्याखाली जाऊ लागला की पांगलेले थवे उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर एकत्र येतात. एप्रिलमध्ये यांतल्या काहींच्या छातीवर विटकरी रंग चढलेला असतो, आणि तो पाहण्यासाठी पहाटे उठणे मला तरी परवडते.

आपल्याकडचे आगमन पावसाच्या तोंडावर होते. विणीसाठी नवरंग कोकणातल्या झाडीत येतो, आफ्रिकेकडून चातक येतो, आणि वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय या समुद्रपक्ष्यांची वीण होते. वादळी वाऱ्यात खोल समुद्रातले पक्षीही किनाऱ्यावर येऊन पडतात. असा थकलेला पक्षी आढळल्यास त्याला पुन्हा लाटांत सोडू नये किंवा बळेच पाणी पाजू नये. हवा खेळेल अशा खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवून वन विभागाला कळवावे.