यादी थोडी लहान कर

प्रिय बाळ,

तुझी यादी मिळाली. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की, मोबाईल बंद, गोड बंद, पहाटे पाचला उठणं, रोज बायबलचे दोन अध्याय, दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या शेवटच्या प्रवासाची, थांबत थांबत करायची प्रार्थना), वर रात्री जागून प्रार्थना. वाचूनच मला धाप लागली. तुझ्या उत्साहावर पाणी ओतायची इच्छा नाही, पण यातली एक गोष्ट ठेव, फार तर दोन. बाकीच्या खोडून टाक.

तुझ्याच वयाची असताना मी गोड सोडलं होतं. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला, चाळीस चौकोन आखले, आणि रोज रात्री एक चौकोन पेन्सिलीने भरायचा असं ठरवलं. अकराव्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाला केक हातात आला, मी तो खाऊन टाकला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळंच सोडून दिलं. एक चौकोन चुकला म्हटल्यावर उरलेले भरण्यात रसच राहिला नाही. म्हणजे उपवास कोणासाठी चालला होता, ते बघ.

पण त्या दहा दिवसांतलं मला जास्त आठवतं ते वेगळंच. घरातली माणसं मला टाळायला लागली होती. एका संध्याकाळी आजीने ‘माझा चष्मा पाहिलास का गं’ असं दुसऱ्यांदा विचारलं, तर मी तिच्यावर खेकसले. ती काही बोलली नाही. टेबलावरून, उशीखालून, खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवत स्वतःच शोधत राहिली. ते चाचपडणारे हात मला अजून दिसतात. पुष्कळ वर्षं मी समजत होते की उपाशी जीव चिडतो, त्यात काय एवढं. पण राग साखर सोडल्यामुळे आला नव्हता. तो आधीपासून होताच, साखरेचं झाकण तेवढं निघालं. आता मला वाटतं, त्या वर्षी उपवासाने आपलं काम चोख केलं होतं. वर आलेलं बघायला मीच थांबले नाही, चौकोन मोजत बसले.

म्हणून तुला सांगते, काय सोडायचं यावर फार डोकं शिणवू नकोस. सोडल्यावर आतून काय वर येतं, तिकडे लक्ष ठेव.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. त्यांच्यातल्या एव्हाग्रियसने माणसाला छळणारे आठ विचार लिहून ठेवलेत. त्यातला एक भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलेनासा वाटतो, साधू सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून बाहेर डोकावतो, आणि ही कोठडी, हे काम, हे आयुष्यच नको होतं असं त्याला वाटू लागतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून एकटी बसून बघ. दहाव्या मिनिटाला तो साधू तुझ्यात जागा होईल. तेव्हा उठू नकोस. त्या कंटाळ्यालाच प्रार्थनेत घे. ‘प्रभू, मला इथे तुझ्यापाशी बसवत नाही’, हीसुद्धा प्रार्थनाच आहे, आणि माझ्या मते पाठ केलेल्या पुष्कळ प्रार्थनांपेक्षा खरी.

आता जे सोडशील ते एका माणसाला सांग. येशूने उपवास गुप्तपणे करायला सांगितलंय, तोंड धुवून, डोक्याला तेल लावून, कुणाला कळू नये असा. मग सांगायचं कशाला, असं तू विचारशीलच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४९व्या प्रकरणात याचं उत्तर आहे. या काळात प्रत्येकाने आपखुशीने थोडं काही कमी करावं, थोडं अन्न, थोडी झोप, थोडी बडबड नि थट्टामस्करी, पण काय करणार ते आधी मठाधिपतीला सांगून. न विचारता केलेलं सगळं घमेंडीच्या खात्यात जमा! दहाजण बघत असले की आपण वाहवत जातो. एकच जाणता माणूस ‘पुरे’ म्हणू शकतो. आणि तिथेच, आदल्या प्रकरणात, उपवासकाळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यावं आणि त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचावं, असंही आहे. एकच. तुझे रोजचे दोन अध्याय मी म्हणूनच खोडले. बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी एक शुभवर्तमान घे, सावकाश.

खाण्यापिण्याचं म्हणशील तर आपल्या कॅथलिक नियमात सक्तीचे उपवास दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं. आजारी माणसाला त्यातूनही सूट आहे. तुझं गेल्या वर्षीचं दुखणं मी विसरलेले नाही, तेव्हा अंगावर काढू नकोस. आणि मोजून बघ, बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार वगळले की ४०. रविवार पुनरुत्थानाचा, तो उपवासात धरत नाहीत. त्या दिवशी चेहरा पाडून बसलीस तर मी रागवेन.

तुझ्या यादीत मला दानधर्म कुठे दिसला नाही. वाचवलेला पैसा, वाचलेला वेळ कुणाच्या तरी हातात पडला पाहिजे, नाहीतर ते निव्वळ पथ्य झालं. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय काढ. उपवासाच्याच दिवशी भांडणारे आणि मजुरांना पिळणारे लोक देवाला विचारतायत, आमच्या उपवासाकडे तुझं लक्ष कसं नाही? मला तिथे दरवेळी आजीचा चष्मा आठवतो.

कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपाशी पापं कबूल करायला, जाशील तेव्हाही ‘मला राग येतो’ असं मोघम सांगू नकोस. कुणावर, कशावरून, त्या माणसाचा चेहरा कसा झाला, तेवढं बोल.

आणि मोडलं तर? मोडणारच. क्रुसाच्या वाटेवर १४ स्थानं आहेत. त्यातली तिसरं, सातवं आणि नववं, ही तीन निव्वळ क्रूस वाहणाऱ्या येशूच्या पडण्याची आहेत. लोक तिथे थांबतात, गुडघे टेकतात आणि पुढच्या स्थानाकडे जातात. कुणी पहिल्या स्थानापासून पुन्हा सुरुवात करत नाही. तूही करू नकोस. त्याच दिवशी, जिथे पडलीस तिथून पुढे.

काय ठेवलंस ते कळव. माझंही तुला सांगून ठेवते, कुणाला तरी सांगायलाच हवं. बहिणीशी बोलताना शेवटचा शब्द माझा नसावा, एवढंच यंदा ठरवलंय. बुधवार उजाडायचाय, आणि सरावाला म्हणून काल तिला फोन केला तर तिथेच मोडलं.

तुझी,
मावशी